चपला आणि क्रेडिटं दाराबाहेर काढून ठेवा

विद्यापीठ बदलायचं ठरवलंय? छान. आधी एक गैरसमज काढून टाका: जे तुम्ही शिकलात ते तुम्हाला येतं, हा. ते येतं की नाही हे नव्या विद्यापीठाची समिती ठरवेल. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. फी भरायची मुदत या महिन्यात.

हा क्रम नीट समजून घ्या, सगळी गंमत त्यातच आहे. आधी प्रवेश, मग फी, आणि तुमची किती क्रेडिटं (कोर्स पास झालात की जमा होणारी अभ्यासाची एककं) धरली याचा कागद त्यानंतर. तुम्ही म्हणाल, ‘पदवीला अजून दोन वर्षं लागणार की तीन, एवढं सांगा, मग पैसे भरतो.’ असं चुकूनही बोलू नका. असे विद्यार्थी व्यवहारी वाटतात, आणि विद्यापीठांना ज्ञानाची ओढ असलेले विद्यार्थी हवे असतात. फी भरा, जुन्या ठिकाणचा प्रवेश रद्द करा, परतीचे दोर कापा. मग कागद येतो.

कागदाच्या पहिल्या ओळीत असेल, ‘आपली सर्व ६० क्रेडिटं स्वीकारण्यात आली आहेत.’ लगेच घरी फोन लावू नका, पान उलटा. क्रेडिट स्वीकारणं वेगळं आणि ते पदवीत धरणं वेगळं. तुमचं अर्थशास्त्र, तुमचं प्रोग्रॅमिंग, रात्री जागून केलेलं ते प्रोजेक्ट, सगळ्यांना ‘ओपन इलेक्टिव्ह’, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या ऐच्छिक विषयांच्या, खोलीत बसवलेलं असतं. पदवीला त्या खोलीतली नऊच क्रेडिटं लागतात. बाकीची आपली उभी. मुख्य विषयाच्या रकान्यात शून्य. लग्नाला आग्रहाने बोलावलं, दारात स्वागतही केलं, पंगतीत तेवढं पान मांडलं नाही. बरं, अपमान झाला असंही म्हणता येत नाही.

तुमचा कोर्स त्यांच्या कोर्सशी समकक्ष आहे हे सिद्ध करायचं काम अर्थातच तुमचं. नुसतं कोर्सचं नाव चालत नाही. सिलॅबस हवा, तोही तुम्ही शिकलात त्याच वर्षीचा, आठवडेवार, पुस्तकांच्या यादीसकट, विभागाच्या शिक्क्यानिशी. जुन्या कॉलेजच्या साइटवर यंदाचा सिलॅबस असतो. तुमच्या वर्षीचा ज्या मॅडमनी केला त्या निवृत्त झाल्या, आणि ती पीडीएफ त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा पहिल्या दिवसापासून प्रत्येक सिलॅबस जन्मदाखल्यासारखा जपा. (हा सल्ला उपरोधाने देत नाहीये.)

युरोपात मात्र भलताच प्रकार आहे. १९९७च्या लिस्बन करारानुसार आधीचं शिक्षण नाकारायचं असेल, तर दोन्हींत ठोस फरक काय आहे हे संस्थेनेच दाखवून द्यायचं. विद्यापीठांवर केवढा हा अविश्वास! अमेरिकेने त्या करारावर सही केली आणि पुढची मंजुरी न देता शहाणपणाने तिथेच थांबली.

आता गणित. अमेरिकेत काही विद्यापीठं सेमिस्टरवर, म्हणजे सहामाही सत्रांवर चालतात, काही त्याहून लहान सत्रांच्या क्वार्टरवर. समजा तुम्ही पाच क्वार्टर क्रेडिटांचं स्टॅटिस्टिक्स पास झालात. सेमिस्टरच्या मापात त्याची दोन तृतीयांश, म्हणजे ३.३३. नव्या ठिकाणी हवीत ४. तुम्ही ०.६७ने कमी पडलात. मीन, मीडियन, रिग्रेशन सगळं आलं, पण ०.६७ नाही आलं. तेवढंच शिकवणारा कोर्स जगात कुठे नाही, म्हणून अख्खा चार क्रेडिटांचा पुन्हा घ्यायचा, आणि फीसुद्धा चारांचीच भरायची. युरोपातून येणाऱ्यांचा हिशेब त्यामानाने सोपा. तिथे वर्षाला ६० ईसीटीएस (युरोपच्या सामाईक मापाची) क्रेडिटं, एकेकामागे २५ ते ३० तासांचं काम. अमेरिकेत पूर्ण वर्षाची साधारण ३०. दोनाने भागायचं आणि मन घट्ट करायचं.

शिळेपणाचंही बघा. न्यूटनने गतीचे नियम १६८७ मध्ये छापले, ते अजून ताजे आहेत. तेच नियम तुम्ही अकरा वर्षांपूर्वी शिकला असाल, तर मात्र पुष्कळ ठिकाणी ते खराब झालेले निघतात. आपल्याकडे तर २०२१ पासून क्रेडिटांची बँकच आहे. बँक म्हटल्यावर वाटतं, कुठल्याही शाखेत जाऊन काढता येतील. ठेव साधारण सात वर्षांची, आणि निदान निम्मी क्रेडिटं पदवी देणाऱ्या संस्थेतच कमवायची. मार्कांचं तर विचारूच नका. बऱ्याच ठिकाणी क्रेडिटं आत येतात आणि मार्क दाराबाहेर राहतात.

एवढी सगळी चाळणी झाल्यावर हातात काय राहतं? अमेरिकन सरकारच्या जीएओ या हिशेब तपासणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये अंदाज दिला: २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटं वाया गेली. पाण्याच्या टाकीला एवढी गळती असती तर प्लंबर बोलावला असता. इथे तिला ‘दर्जा राखणं’ म्हणतात.

अपील जरूर करा. फॉर्म भरून घरी बसलात तर तो त्याच समितीपुढे जातो. पण सिलॅबस हातात घेऊन थेट तो विषय शिकवणाऱ्या माणसाला गाठलंत, तर तो चार पानं चाळून ‘हे तर आमचंच आहे’ म्हणत सही करून टाकतो, असंही घडतं. ही वाट माहितीपत्रकात ठळक अक्षरांत सापडायची नाही.

मला ती उशिरा कळली. मी स्टॅटिस्टिक्स दुसऱ्यांदा घेतलं. पुस्तक तेच होतं, आवृत्तीही तीच, म्हणून जुनी प्रतच काढली. कव्हर निघालेलं, समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं. तिसऱ्या आठवड्यात सरांनी फळ्यावर उदाहरण घातलं आणि ते खाली बसायच्या आत मी उत्तर सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

‘हा विषय आधी झालाय का तुमचा?’

मी ‘नाही’ म्हणालो. कागदोपत्री तेच खरं होतं.