एक अपवाद वगळता

काल रात्री पावणेअकराला मोबाइल वाजला. 'टांझानिया सहा सीटर' हा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप. परत येऊन तीन आठवडे झाले, त्यामुळे तो आता सुप्रभात आणि गुडघेदुखीच्या काढ्यांवरच जगतोय. त्यात काकांनी एक तक्ता टाकला होता. रकाने आखलेला, तारीख-वेळेसकट. तळाशी ठळक अक्षरांत : 'सिंह, हत्ती, रानम्हैस, गेंडा, बिबट्या. सर्व सदस्यांचे बिग फाइव्ह पूर्ण (एक अपवाद वगळता).'

अपवाद म्हणजे मी. मिनिटभरात चार अंगठे आले. त्यातला एक माझ्या बायकोचा.

प्रवासवर्णन करत नाही. पीतज्वराची लस टोचून घेतली, टांझानियातल्या अरुशा शहरात उतरलो, छत वर उचलणाऱ्या एका लँड क्रूझरमध्ये सहा जण कोंबले गेलो, संपलं. पण काकांबद्दल सांगायलाच हवं. काका नागपूरचे, सरकारी ऑडिटमधून निवृत्त. ताडोबाच्या त्यांच्या एकोणतीस फेऱ्या झालेल्या. तारांगिरेच्या राष्ट्रीय उद्यानात चाळीसेक हत्ती गाडीसमोरून रस्ता ओलांडत होते, पिल्लं आयांच्या पोटाखालून चालत होती, आम्ही सगळे श्वास रोखून उभे. काकांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "मोहर्ली गेटले एवढ्यात वाघ झाला असता." आणि त्याच दमात माझ्याकडे वळून, "तुमची दुर्बीण जरा देता का जी, एक मिनिट."

ते मिनिट सहा दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर माझ्या पट्ट्याचा पांढरा वळ उमटला होता.

आता सेरोनेरा. सेरेंगेटीच्या मध्यावरची ही नदीकाठची जागा बिबट्यासाठी प्रसिद्ध. नदीकाठी सॉसेज ट्री नावाचं झाड असतं. त्याला हातभर लांबीची, कित्येक किलो वजनाची, दुधीभोपळ्यासारखी फळं दोरीला टांगल्यासारखी लोंबतात. बिबट्या याच झाडावर आडवा पसरतो आणि शेपटी खाली सोडतो. म्हणजे झाडावर लोंबणाऱ्या वस्तू साठ, त्यातली एक बिबट्याची. शिवाय तिथे रस्ता सोडून गाडी नेता येत नाही. पंधरा-वीस गाड्या एकमेकींना खेटून उभ्या, आणि झाड पार तिकडे.

"चुई!" गाइड कुजबुजला. स्वाहिलीत चुई म्हणजे बिबट्या.

"कुठे?"

"दुसरी फांदी, डावीकडे, मोठ्या फळाच्या खाली."

मोठी फळं मी मोजली. अकरा होती. पुढच्या गाडीतल्या आजीबाईंना दिसला, त्यांच्या नातवाला दिसला, बायकोला दिसला, मागच्या सीटवर डुलक्या काढणाऱ्या माणसालाही डोळे उघडताक्षणी दिसला. मी काकांकडे हात केला. काकांनी डोळ्यांवरची दुर्बीण न काढता मला हातानेच थांबवलं, बँकेतला कॅशियर नोटा मोजताना थांबवतो तसं. "थांबा, सेट करून राहिलो." सेट होईपर्यंत बिबट्या उठला, पलीकडच्या बाजूने उतरला आणि गवतात गेला. असं म्हणतात. मी मात्र 'दिसला, दिसला' म्हणून मोकळा झालो होतो. लग्नात नवरीकडची माणसं ओळखू आली नाहीत तरी आपण म्हणतोच ना, हो हो, ओळखलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. सेरोनेराच्या कॅम्पला कुंपण नाही. स्वयंपाकाची आणि जेवणाची जागा मात्र जाळीबंद. माणसं पिंजऱ्यात, तरस बाहेर, आणि याचे पैसे आपण दर चोवीस तासांच्या हिशोबाने दिलेले. काकांनी खिशातून लॅमिनेट केलेला तक्ता काढला.

"बिबट्या. तुमचा टिक करू का?"

"करा की."

"डोकं कोणत्या बाजूले होतं?"

"डावीकडे."

"उजवीकडे होतं. शेपटी?"

"खाली लोंबत होती."

"ते सगळेच सांगतात. हलत होती का नव्हती?"

"काका, मी बिबट्या पाहिला की खून?"

"बाप्पा, चिडता कायले? मी फक्त खात्री करून राहिलो. फोटो असंल तर दाखवा."

फोटो होता. मी झूम करकरून काढलेला. काकांनी तो दोन बोटांनी ताणला, चष्मा कपाळावर चढवला, मग उतरवला, मग मोबाइल काकूंकडे दिला. काकू सज्जन बाई, काही न बोलता त्यांनी माझ्या ताटात संत्रा बर्फीचा तुकडा ठेवला. तिथेच मी समजलो.

"हे फळ आहे," काका म्हणाले.

गाइडलाही विचारण्यात आलं. त्याने बराच वेळ पाहिलं. धंद्याने सभ्य माणूस, म्हणाला, "कदाचित फळाच्या मागे असेल." काका म्हणाले, "कदाचित हिशोबात येत नाही." 'हिशोब' ऐकताच गाइड खूश झाला. "हेसाबू! हेसाबू!" स्वाहिलीतही तोच शब्द. गाडीला ते गारी म्हणतात, रंगाला रंगी, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबरी, आणि रिक्षाला चक्क बजाजी. परमुलखात आपले शब्द भेटले की ऊर भरून येतो, एरवी माझाही आला असता. पण त्या रात्री दोन खंडांचा एकच निकाल लागला होता आणि तोही माझ्याविरुद्ध. दोघांनी टाळी दिली. तंबूत झोपल्यावर जवळच तरस ओरडत होतं. ते हसल्यासारखं ओरडतं असं वाचलं होतं. वाचलेलं खरं निघालं.

या माणसाच्या स्वभावाचा आणखी एक नमुना. बायकोने आम्हा दोघांसाठी लक्ष्मी रोडवरून गडद निळे टी-शर्ट घेतले होते. त्से-त्से माशीला निळा आणि काळा रंग इतका आवडतो की तिला पकडायचे सापळेही त्याच रंगांच्या कापडाचे असतात. मला ही माहिती मिळाली तेव्हा पाठीवर नऊ गांधी होत्या. ही माशी कपड्यातूनही चावते. काका नखशिखांत खाकीत, एक डाग नाही. "निळा नाही घालत इथे. मले वाटलं, तुम्हाला माहीत असंल." पहिल्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून पाहत होते ते आम्हाला!

आणि गेंडा. हे मात्र मी विसरणार नाही. शेवटच्या दिवशी आम्ही गोरोंगोरोच्या विवरात उतरलो. काठापासून सहाएकशे मीटर खोल, तळ अडीचशे चौरस किलोमीटरहून मोठा. त्या अफाट पिवळ्या मैदानात क्षितिजाजवळ एक करडा ठिपका होता. काकांनी माझी दुर्बीण लावली. "गेंडा." मी म्हटलं, रानम्हैस असेल, दगड असेल. "गेंडा." सगळ्यांच्या नावापुढे टिक झाली, ज्यांनी त्या दिशेला पाहिलंसुद्धा नव्हतं त्यांच्याही. म्हणजे त्यांचा ठिपका गेंडा आणि माझं फळ फळ. मुळात बिग फाइव्ह ही यादी शिकाऱ्यांची, पायी जाऊन मारायला सगळ्यात अवघड आणि धोक्याचे पाच प्राणी. आता बंदुका गेल्या, तक्ते आले, आणि एवढे पैसे मोजून मी आयुष्यात पुन्हा एकदा चाचणी परीक्षेत नापास झालो. जिराफांचे मार्क नाहीत. पहाटे गवतावर तरंगणाऱ्या धुक्यात उभे होते ते हजारभर वाइल्डबीस्ट, त्यांचेही नाहीत.

तर काल रात्री तो तक्ता पाहून झोप उडाली. जुन्नरकडे राहणाऱ्या चुलतभावाला सगळं लिहून कळवलं. तासाभराने त्याने एक व्हिडिओ पाठवला. गोठ्यावरच्या कॅमेऱ्यात बिबट्या, ऊस सोडून सावकाश अंगणात येतो, पाण्याच्या टाकीला नाक लावतो, निघून जातो. डोकं डावीकडे. शेपटी हलती. खाली भावाने लिहिलं होतं, 'दादा, एवढ्या लांब कशाला गेलास? आमच्याकडं रोजचंच आहे. मागल्या आठवड्यात शेळी नेली. लाइट रात्रीची येती, उसाला पाणी द्यायला कोणी जायचं ते सांग.' यावर मला काही सुचलं नाही. मी हात जोडलेला इमोजी पाठवला आणि लगेच त्याची लाज वाटली.

व्हिडिओ मात्र ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत काकांचं उत्तर : 'क्षेत्राबाहेरील नोंद. ग्राह्य नाही.' बायको शेजारीच पडली होती. तिचा अंगठा तिथल्या तिथे उमटला.

मग मी विचारलं, काका, माझी दुर्बीण? विमानतळावर तुम्ही कुरिअरने पाठवतो म्हणाला होतात.

दोन्ही खुणा निळ्या झाल्या आहेत. उत्तर नाही.