अमूल्य योगदानाचे दोन हजार

आमच्या कंपनीने यंदाच्या दिवाळीला मिठाईचा पुडा आणि सुकामेव्याचा डबा दोन्ही बंद केले आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला कपड्यांच्या एका साखळी दुकानाचे दोन हजार रुपयांचे गिफ्ट कार्ड दिले. कार्ड जाड, चकचकीत पाकिटात होते, पाकिटावर सोनेरी पणती होती, आत ‘आपल्या अमूल्य योगदानाबद्दल कृतज्ञतापूर्वक’ असे छापले होते आणि नावाच्या जागी माझा कर्मचारी क्रमांक होता. एवढे मी निमूटपणे सोसले असते. परंतु ते कार्ड वापरायला गेल्यावर जे घडले त्याला अजून आठवडाही उलटलेला नाही आणि माझा राग म्हणावा तसा उतरलेला नाही.

दुकानात १,७९९ रुपयांचा एक बरा शर्ट सापडला आणि मी रांगेला लागलो. काउंटरवरच्या मुलाने कार्ड उलटसुलट करून पाहिले, मागच्या करड्या पट्टीवर बोट ठेवले आणि “सर, स्क्रॅच करा” असे सांगितले. पट्टीखाली पिन असतो आणि पट्टी खरवडायला नाणे लागते; मात्र क्यूआर कोड आल्यापासून निदान माझ्या खिशात तरी नाणे नसते. मी नखाने प्रयत्न करत असताना मागून एक हात पुढे आला आणि त्यात पाच रुपयांचे नाणे होते. “घ्या. पण परत द्या हं, रिक्षासाठी ठेवलंय,” असे म्हणणाऱ्या काकूंच्या दुसऱ्या हातात तीन रुमालांचे एक पाकीट होते आणि चष्मा दोरीने गळ्यात लोंबत होता. त्यांनी तो तत्काळ डोळ्यांवर चढवला, कारण खरवडताना पिनमधला एक आकडा अर्धा निघून गेला होता आणि तो तीन की आठ, याचा निकाल लावणे त्यांना आपले कर्तव्य वाटले. “आठ आहे. तीनला एवढं पोट नसतं,” त्यांनी सांगितले. आठच होता.

मुलाने यंत्रावर बोटे चालवली. “सर, सतराशे नव्व्याण्णव झाले. उरलेले दोनशे एक लॅप्स होतील. कार्ड वन टाइम आहे.”

“लॅप्स म्हणजे जातील कुठे?” मी विचारले.

“सिस्टीममध्ये, सर.”

या उत्तरावर मी विचार करत असताना काकूंनी सूत्रे हातात घेतली. त्यांनी मला मोज्यांचा जोड सुचवला, तो २४९ रुपयांचा निघाल्यावर वरचे अठ्ठेचाळीस रुपये पदरचे घालायला सांगितले, आणि मला मोजे नको आहेत हे कळल्यावर माझ्या पायांकडे अशा नजरेने पाहिले की मी बूट जमिनीला अधिक घट्ट टेकवले. मग त्यांनी हातातले पाकीट काउंटरवर ठेवले.

“असं करा. हे रुमाल एकशे नव्व्याण्णवचे आहेत. तुमच्या बिलात टाका, मी तुम्हाला शंभर देते.”

“शंभर? अहो काकू, एकशे नव्व्याण्णवचे आहेत ना?”

“ते मला. तुम्हाला ते फुकटच पडणार. मी नाही म्हटलं तर तुमच्या हातात काय येणार आहे?”

आमच्या कंपनीच्या वित्त विभागातील कोणालाही माझी आर्थिक परिस्थिती इतक्या थोडक्यात मांडता आलेली नाही. मी पावणेदोनशे मागितले, त्या एकशे वीसवर आल्या, आणि रांगेतल्या एका तरुणाने कानातला इअरबड काढून “काका, दीडशेला सोडून टाका, बेस्ट डील आहे” असा निवाडा दिला. ‘काका’ हा शब्द मी बिनव्याजी गिळला आणि दीडशेला सौदा ठरला.

तेवढ्यात मुलाला काहीतरी आठवले. “सर, एका गिफ्ट कार्डावर दोन कस्टमर नाही चालत.” त्याने सुपरवायझरला हाक मारली. सुपरवायझर गळ्यातले ओळखपत्र सरळ करत आले, त्यांनी माझ्याकडे, रुमालांकडे आणि काकूंकडे पाहिले आणि आम्ही एकत्र आहोत का, असे विचारले.

“मी ह्याची मावशी आहे,” काकू क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “अरे, उभा काय राहिलास? दे ना ते कार्ड त्यांच्याकडे.”

मी दिले. बिल होईस्तोवर मावशींनी पाकिटावरचा मजकूर चष्म्यातून मोठ्याने वाचला. “अमूल्य योगदान,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “अमूल्य, आणि दोन हजार?” मग सुस्कारा टाकून म्हणाल्या, “आमच्या ह्यांना रिटायर होताना घड्याळ दिलं होतं. सहा महिन्यांत बंद पडलं, पण कोणी पिन नाही मागितला.”

बिल १,९९८ रुपयांचे झाले. उरलेले दोन रुपये निदान पिशवीच्या दहा रुपयांत वळते करावेत अशी मी विनंती केली, तेव्हा बिल क्लोज झाल्याचे समजले. म्हणजे दोन रुपये सिस्टीममध्ये गेले आणि पिशवीचे दहा रोख मागितले गेले. ते काकूंनी भरले, बाहेर आल्यावर पुन्हा ‘तुम्ही’वर येऊन पिशवी निम्मी-निम्मी धरली, दीडशेतून माझ्या वाट्याचे पाच वजा केले आणि दहा-दहाच्या नोटांत १४५ रुपये माझ्या हातावर मोजले, शेवटचे पाच म्हणजे तेच रिक्षासाठी ठेवलेले नाणे. पिशवी अर्थातच त्यांच्याकडे राहिली आणि मी शर्ट हातात धरून वाहनतळाकडे गेलो.

जोएल वाल्डफोगेल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक शोधनिबंध लिहिला होता. विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटींची त्यांच्या मते किंमत काय, हे विचारून त्याने असे मांडले की भेट देण्याच्या खटाटोपात वस्तूच्या किमतीतला एक दशांश ते एक तृतीयांश भाग कोणाच्याच पदरात न पडता वाया जातो. १९९ च्या रुमालांचे मला १४५ मिळाले, म्हणजे सव्वासत्तावीस टक्क्यांच्या आसपास घट आली. हा दर वाल्डफोगेलच्या पट्ट्यात चपखल बसतो. फरक इतकाच की माझ्या बाबतीत काहीही वाया गेले नाही, सगळे काकूंना मिळाले.

गिफ्ट कार्डांना नियम नाहीत असे मात्र कोणी समजू नये. बँका आणि परवानाधारक कंपन्या जी गिफ्ट कार्डे काढतात त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२१ चे निर्देश आहेत: कार्डाची रक्कम जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यात पुन्हा पैसे भरायचे नाहीत, त्यातून रोख काढायची नाही, मुदत किमान एक वर्षाची आणि मुदत संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत धारकाला त्याची आठवण करून द्यायची. परंतु एखाद्या दुकानाने केवळ स्वतःच्याच मालासाठी काढलेले कार्ड या निर्देशांच्या कक्षेबाहेर राहते, आणि आमच्या मनुष्यबळ विभागाने नेमके तेच निवडले. त्याची मुदत सहा महिन्यांची होती आणि ती कार्ड छापल्यापासून मोजायची होती, पाकिटावर पणती काढल्यापासून नव्हे. घाऊक घेतल्यावर अशा कार्डांवर कंपन्यांना सूट मिळते, त्यामुळे माझे दोन हजार कंपनीला दोन हजारांना पडले असतील असे मला वाटत नाही. जे ग्राहक कार्ड टेबलाच्या खणात विसरतात त्यांच्या न वापरलेल्या रकमेला हिशेबनीस ‘ब्रेकेज’ म्हणतात आणि ती उत्पन्नात धरण्याची रीतसर सोय लेखामानकांत आहे. थोडक्यात, कौतुक माझे होते आणि कमाई वाटेतल्या सगळ्यांची झाली.

आणि हे तर नुसते घेणाऱ्याचे दुःख झाले. मी विक्री विभागात असल्यामुळे आमच्या विक्रेत्यांना हीच कार्डे वाटण्याचे कामही माझ्याकडे आहे. सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी पाइप विकणारे आमचे एक जुने विक्रेते आहेत. वर्षभराचे लक्ष्य गाठल्याबद्दल त्यांना पंचवीस हजार रुपयांची कार्डे देण्याचे ठरले. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात एक कलम (जुन्या कायद्यातले १९४ आर) आले. त्यानुसार व्यवसायाच्या संबंधातून कोणाला वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक किमतीचा लाभ द्यायचा असेल तर त्यावर दहा टक्के कर कापावा लागतो, आणि लाभ वस्तूच्या स्वरूपात असेल तर तो हातात देण्याआधीच कर भरला गेल्याची खात्री करून घ्यावी लागते. मी फोन करून अडीच हजार रुपयांच्या कराची कल्पना दिली. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“साहेब, बक्षीस तुम्ही दिलं न्हवं? मग त्याचा ट्याक्स आमच्या बोकांडी का?”

मी कलम समजावून सांगितले.

“आन् ह्ये दुकान हाय कुठं? आमच्या गावात तर न्हाई.”

सर्वांत जवळची शाखा सांगलीला असल्याचे मी सांगितले. त्यावर त्यांनी, एवढी कार्डे चालवायला जाऊन-येऊन दिवस मोडण्यापेक्षा पुढच्या बिलातून तेवढी रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट सरळ द्यावी, असे सुचवले. गंमत अशी की प्रत्यक्ष कर मंडळाच्या जून २०२२ च्या परिपत्रकानुसार विक्रीवरची सूट, रोख सवलत आणि रिबेट यांना हे कलम लावायचे नाही. म्हणजे त्यांची सूचना स्वस्त होती, सोपी होती आणि कायद्यात चोख बसणारी होती. मी ती वर कळवली. क्रेडिट नोटमध्ये ‘आनंदाचा क्षण’ नसतो, असे उत्तर आले.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आयकराच्या १९६२ च्या नियमांनी सीमा आखली होती: वर्षभरात मिळालेल्या भेटी आणि व्हाउचरे मिळून ५,००० रुपयांच्या आत असतील तर त्यांवर कर नव्हता. ही सवलत रोख रकमेला नव्हती, आणि कंपन्यांचे कार्डप्रेम मला वाटते येथूनच उगम पावले. ते समजण्यासारखे आहे. समजत नाही ते एवढेच की दोन हजारांच्या आतबाहेरच्या या व्यवहाराला सोनेरी पणती, टाळ्यांचा कार्यक्रम आणि छायाचित्र कशाला हवे होते. छायाचित्रात आम्ही बत्तीस जण कार्ड छातीशी धरून उभे आहोत आणि बत्तीसही जणांच्या चेहऱ्यांवर मुदत कधी संपते हाच प्रश्न आहे.

काल मनुष्यबळ विभागाची एक प्रश्नावली आली. आपले कौतुक झाल्यासारखे आपणांस किती वाटले, याला पाचपैकी तारे द्यायचे होते. ते मी सर्वांचे पाहून दिले. पुढच्या वर्षी कोणत्या ब्रँडचे कार्ड आवडेल, याची लांबलचक यादी होती आणि सर्वांत खाली ‘इतर’ असा मोकळा रकाना होता. मी तेथे ‘रोख’ असे टाइप केले. रकान्याखाली लाल अक्षरे उमटली: कृपया वैध ब्रँड निवडा.