‘रात्री सोडा, सकाळी कळतही नाही’ : पण कोंबड्यांना कळतं

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला फिरतो. नव्या कोंबड्या रात्री खुराड्यात सोडा, सकाळी जुन्यांना कळतही नाही. अंगाला राख चोळा, वास एक होतो. पक्षी ठणठणीत असेल तर वेगळा ठेवायची गरज नाही. आणि एकेकच आणा, म्हणजे भांडणं होत नाहीत.

रात्रीचं अर्धं खरं आहे. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, ती जागची हलत नाही. पण भांडण टळत नाही, उजाडेपर्यंत लांबतं एवढंच. कोणी कोणाला टोचायचं याची कोंबड्यांत उतरंड असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डरूप-एब्बे यांनी ती १९२१च्या सुमारास नोंदवली. नवा पक्षी आला की ती पुन्हा लागते. पहाटे बंद खुराड्यात ती लागायला लागली तर मार खाणारीला पळायला जागाच नसते.

राखेत लोळून उवा कमी होत असतील, ओळख लपत नाही. कोंबडी दुसरीला मुख्यतः नजरेनं ओळखते, तोंड आणि तुरा पाहून.

खरा घात आहे तो ‘ठणठणीत’ या शब्दात. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लागण झालेला पक्षी बहुधा पाच-सहा दिवस, कधी दोन आठवडेही, अगदी धडधाकट दिसतो. लस दिलेला पक्षी आजारी न पडताही विषाणू पसरवू शकतो. मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणारी घरघर वरवर बरी झाली तरी पक्षी जन्मभर वाहक राहतो. आठवडी बाजारातून आणलेली गिरिराज जातीची किंवा गावठी तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) तिथे कोणाकोणाशेजारी डालग्यात बसली होती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून महिनाभर वेगळी जागा, वेगळी भांडी. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, आणि परत येताना हातपाय धुऊन. एवढी जागा नसेल तर मी म्हणेन, नव्या आणूच नका.

एकटी आणायचं तर बोलूच नका. जुन्या सगळ्याजणींचा राग एकटीवर निघतो. निदान दोन-तीन आणा, आणि अंगानं जुन्यांच्या जवळपास भरलेल्या. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असतं, कोवळ्या तलंगांच्या मूत्रपिंडाला ते सोसत नाही; हेही एक कारण.

महिना संपला की आठवडाभर मध्ये जाळी ठेवा, एकमेकींना पाहू द्या. मग दिवसाउजेडी, मोकळ्या परसात सोडा. दाण्याची भांडी दोन, लांब लांब. आडोशाला एखादं खोकं किंवा फांद्यांचा ढीग. थोडी टोचाटोची चालेल, मध्ये पडू नका. रक्त दिसलं तर मात्र त्या पक्ष्याला लगेच बाजूला काढा. लाल दिसलं की बाकीच्या तिथेच चोची मारत राहतात.