अंड्यावरून भांडा, पण आधी बाळ भरवणारीला विचारा

शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा निधी महाराष्ट्र सरकारने जानेवारी 2025 मध्ये काढून घेतला, तेव्हापासून इथे ब्रिटनमधल्या मराठी घरांतही जुंपलेली असते: अंडं की केळं? अंडं हवंच. चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. हे भांडण शाळेत जाणाऱ्या मुलांच्या ताटाचं आहे. वाढ खुंटते ती मुख्यतः पोटात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत, आणि त्या वयात घास आईच्या हातून जातो. त्या हातांचं घरात काय चाललंय, हे कोणी विचारत नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वाढ खुंटलेली आहेत. त्याच अहवालात राज्यातल्या 25 टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलंय. दोन आकडे एका पुस्तिकेत राहतात, चर्चेत मात्र एकमेकांना ओळख देत नाहीत.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीनदा भरवायचं, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा, शिवाय मधे खाऊ. अर्धी वाटी मऊ वरणभात भरवायला वेळ लागतो. बाळ तोंड फिरवतं, थुंकतं, थांबून पुन्हा घास द्यावा लागतो. दारात नवऱ्याची चाहूल लागली की हात थरथरणारी बाई दोन घासांत आटोपतं घेते. अंगावरच्या दुधाचंही तेच. भीतीने ऑक्सिटोसिन दबतं, दूध असूनही पान्हा फुटत नाही. मग ‘हिला दूधच नाही’ म्हणून बाटली येते आणि बाटलीमागून जुलाब. मार असह्य झाला की ती माहेरी जाते. अंगणवाडीतलं नाव आणि शिधा सासरच्या गावात राहतो, लसीकरणाचं कार्डही बहुधा तिथेच.

सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेला आणि जोडीला आजार असला की पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण 14 दिवस राहायचं, आईनेही. तिला तिथे राहू द्यायचं की नाही, हे ठरवतो तोच, जो तिला मारतो. ती मधेच बाळ घेऊन निघाली की ‘आईला गांभीर्य नाही’ हा शेरा तयार.

इथे ब्रिटनमध्ये मिडवाइफ, म्हणजे गरोदरपण-बाळंतपण पाहणारी सुईण, एखाद्या भेटीत नवऱ्याला बाहेर बसवते आणि बाईला एकटीला विचारते, घरी सुरक्षित वाटतं का? लहान बाळांच्या घरी येणारी परिचारिका, हेल्थ व्हिजिटर, रेड बुकात (बाळाच्या आरोग्याच्या वहीत) वजन भरताना पुन्हा विचारते. मारहाण पाहणारं मूल इंग्लंड-वेल्समध्ये 2021 च्या घरगुती अत्याचारविरोधी कायद्याने स्वतःच पीडित ठरतं. याला पैसा फारसा लागत नाही, दोन खुर्च्या आणि बंद दार लागतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात हे अजिबात नाही असं कोणी म्हणू नये. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मार सोसणाऱ्या बायकांसाठीचं ‘दिलासा’ केंद्र 2000 पासून आहे, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारीही दिला. अडतं ते अंगणवाडीच्या ओट्यावर. बाळाचं वजन सलग दोन महिने वाढलं नाही तर सेविकेने किंवा आशाताईने आईला वजनकाट्यापासून बाजूला घ्यावं. सासूसमोर विचारलं तर उत्तर ‘सगळं ठीक’ असंच येणार, आणि घरी गेल्यावर वर मार. उत्तर सगळ्यांच्या हाती पडणाऱ्या वहीत लिहू नये. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर चिठ्ठीवर देऊ नये, तोंडपाठ करून घ्यावा. संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं की नाही हे तिला ठरवू द्यावं. आणि ती माहेरी गेली तर शिधा तिथे सुरू होईल हे सेविकेने स्वतः फोन करून पाहावं.

‘तिकडे बसून शिकवू नका’ हे उत्तर येणारच, आणि त्यात तथ्य आहे. गावाकडच्या अंगणवाडीला अंडी पाठवायची म्हटलं की इथली आमची मराठी मंडळं टाळ्या वाजवून पैसे काढतात. गणपतीला स्पाउस व्हिसावरची, म्हणजे नवऱ्याच्या नात्याने इथे राहणारी, एखादी मुलगी बाळ घेऊन येते. ‘बारीक आहे हो’ म्हणून आम्ही आरतीला वळतो, कारण तिचा नवरा आपल्यातला, वर्गणी वेळेवर देणारा. तिला सरकारी भत्ते नाहीत, बँकेचं कार्ड त्याच्या खिशात. मारहाणीमुळे लग्न मोडलं तर तिला तीन महिन्यांची वेगळी परवानगी मागता येते, त्या काळात भत्ते आणि निवारा मागता येतो, पुढे कायम राहण्याचा अर्जही करता येतो. हे आमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असतं. तिला ते बहुतेक वेळा एखादी इंग्रज हेल्थ व्हिजिटर सांगते.