लाडू परत

रविवारी सकाळी साडेअकरा वाजता माझ्यासमोरून बेसनाच्या लाडवांची बशी उचलून आत नेण्यात आली. मी लाडू घेतला नव्हता, पण हात पुढे केला होता. आता त्या हाताचं काय करायचं ते सुचेना, म्हणून टीपॉयवरचा पेपर उचलला. तो शनिवारचा निघाला.

माझा गुन्हा एवढाच, की मी घराची किंमत सांगितली होती.

घर कोथरूडमधलं. १९८७ ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. जाहिरातीत ८५० चौरस फूट, प्रत्यक्षात कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ६१०. मधले २४० कुठे गेले, असं विचारल्यावर एजंट म्हणाला, "जिना धरलाय ना त्यात." म्हणजे ज्या जिन्यानं आम्ही धापा टाकत वर आलो, तोही आम्हीच विकत घ्यायचा. घरबांधणीचा रेरा कायदा आल्यापासून नव्या इमारतींना कार्पेट सांगावं लागतं. जुन्या घरांचे मालक अजून जिन्यासकट विकतात. मागणी सव्वा कोटी. मी मनातल्या मनात भागाकार केला, तर चौरस फुटाला साडेवीस हजार पडत होते. मी बसलो होतो तो सोफा सात बाय तीनचा. म्हणजे चार लाख तीस हजारांच्या जागेवर मी पाय हलवत बसलो होतो. पाय हलवणं बंद केलं.

आकडा काय सांगायचा यावर आदल्या रात्री घरात खल झाला होता. मेहुणा म्हणाला, पंचाऐंशीपासून सुरू कर. एजंट म्हणाला, एक दहाच्या खाली तोंड उघडू नका. आई म्हणाली, "त्यांना वाईट वाटेल असं काही बोलू नकोस." बायकोनं हिशेबाची वही काढली. पंचाहत्तर लाखांवरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्केच देते, म्हणजे सव्वा कोटीला सव्वाएकतीस लाख पदरचे. वर मुद्रांक शुल्क : पुण्यात ७ टक्के, पण घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर ६. "म्हणजे तुझं नाव घालायचे सव्वा लाख," ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. पंधरा वर्षांच्या संसारात माझं मूल्यमापन इतक्या नेमकेपणानं कधी झालं नव्हतं.

शेवटी नव्वद ठरलं. पण नुसतं नव्वद अंदाजपंचे वाटतं, आपण नीट विचार करून आलोय असं दिसायला हवं, म्हणून मी त्यात एकावन्न हजार घातले. शकुनाचेही झाले.

आता तिथे भेटलेल्या काकांबद्दल. काका घराचे मालक नव्हते, नातेवाईकही नव्हते. समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. आम्ही बूट काढत असतानाच त्यांचं दार उघडलं आणि ते लेंगा-बनियनमध्ये आमच्यामागोमाग आत आले, वेताच्या खुर्चीत बसले, आणि "चहा बिनसाखरेचा, वहिनी" असं आत ओरडले. मालक बिचारे सज्जन. तोंडातून शब्द काढायच्या आधी ते काकांकडे बघत.

बायकोनं बेडरूमच्या छतावरचा ओलीचा डाग दाखवला. जवळजवळ गुजरातच्या नकाशाएवढा आणि आकारानंही तसाच, सौराष्ट्रासकट.

"ओल?" काका म्हणाले. "गारवा आहे तो. मे महिन्यात या, पंखा लागत नाही."

लिफ्ट नाही, असं मी म्हणालो.

"म्हणून तर सगळ्यांचे गुडघे शाबूत आहेत." हे म्हणताना ते स्वतःचा गुडघा चोळत होते.

"जाहिरातीत मेट्रो सात मिनिटांवर लिहिलंय. आम्हाला एकोणीस लागली."

"ते चालणाऱ्यावर आहे," काका म्हणाले आणि माझ्या पोटाकडे बघितलं.

मी रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला, दर काढला. तो मी पाठ करून गेलो होतो.

"रेडी रेकनर सरकारला सांगायचा असतो हो. चार माणसांत सांगतात का?" मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून : "रीडेव्हलपमेंटला जाणार आहे बिल्डिंग. बिल्डरशी बोलणी चालू आहेत."

"कधीपासून?"

"दोन हजार अकरा."

एवढ्यात बशी आली होती. लाडू चांगले होते, वर बेदाणा होता. मालकांनी घसा साफ केला. "मग, तुमच्या मनात काय आहे?"

"नव्वद लाख एकावन्न हजार," मी म्हणालो.

कुणी काही बोललं नाही. आत कुकरची शिट्टी झाली. काकांनी बशीत ओतलेला चहा परत कपात ओतला.

"एकावन्न?" ते म्हणाले. "घर घेताय का आहेर करताय?"

बायको हसली. माझी बायको! तेवढ्यात मालकीणबाई आल्या आणि बशी उचलली. चिडून नाही, आवरासावर करावी तशी. लग्नात पंगत उठल्यावर पत्रावळ्या उचलतात ना, तसं. काकांनी मात्र आत जाणाऱ्या बशीतला एक लाडू उचलला.

काकांचं गणित मला जिना उतरताना कळलं. हे घर नव्वदला गेलं तर त्यांचंही नव्वदचंच होणार. बिनसाखरेच्या चहावर ते स्वतःचे पस्तीस लाख राखत बसले होते. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. पण खाली उभं राहून वर पाहिलं तर सोळा फ्लॅटपैकी सहांच्या खिडक्या बंद होत्या, ग्रिलवर कबुतरांची घरटी. मुलं सॅन होजेला, आईवडील वारलेले, मेंटेनन्स ऑनलाइन. आम्ही दर अकरा महिन्यांनी भाडेकरार, पोलीस व्हेरिफिकेशन आणि टेम्पो करतो; कपाटाचे स्क्रू आता बोटांनी निघतात. आणि साडेवीस हजार रुपये चौरस फुटाच्या जागेत कबुतरं राहतात, डिपॉझिट न भरता. ऐंशी लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता एकोणसत्तर हजारांच्या वर जातो. मी साठीला येईन तेव्हा घर माझं होईल, आणि गुडघे तेव्हा शाबूत असतील की नाही ते काकांना माहीत.

बायको म्हणाली, "नुसतं नव्वद म्हणाला असतास तर निदान लाडू मिळाला असता."

सोमवारी एजंटचा फोन आला. "साहेब, पार्टी दुखावलीय. तुम्ही एक पंधरा म्हणा, मी एक बावीसला आणतो." मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार करण्यासारखं काही नव्हतं, पण नाही म्हणायला जीभ रेटेना. घराला खिडकीतून पिंपळ दिसत होता. छान दिसत होता.

काल रात्री परत जाहिरात उघडली. भाव एक अठ्ठावीस केलाय. "शेजार उत्तम" अशी नवी ओळ आहे, आणि हॉलचा फोटो बदललाय. टीपॉयवर लाडवांची बशी आहे.