खुलासा: कंटेनरचं छत कापलं की स्विमिंग पूल तयार होत नाही

‘जुना कंटेनर आणा, छत कापा, पाणी भरा, घरचा पूल तयार’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे आणि धोकादायकही.

कंटेनर भार पेलतो तो मुख्यतः कोपऱ्यातल्या चार खांबांवर. बाजूचा नालीदार पत्रा जेमतेम २ मिलिमीटरचा. २० फुटी कंटेनरमध्ये १.२ मीटर उंच पाणी भरलं, तर एकेका लांब भिंतीवर आतून ४ टनांहून जास्त जोर येतो. छत कापल्यावर त्या भिंतीला वरून धरून ठेवणारं फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून काठाला पोलादी चौकट आणि बाजूंना आधार वेल्ड करावेच लागतात. ‘जमिनीत पुरला की प्रश्न मिटला’ हेही चूक. पूल रिकामा केला की ओली माती तोच पत्रा आत ढकलते.

तळाच्या प्लायवूडला बहुधा कीटकनाशक लावलेलं असतं, ते काढून टाका. कंटेनरचं पोलाद गंजत नाही असं समजू नका. क्लोरीनच्या पाण्यासाठी आतून लायनर (पाणी न झिरपणारं अस्तर) किंवा फायबरग्लास हवंच. दाराचं रबर पाऊस अडवतं, साठलेलं पाणी नाही.

कल्पना चांगली आहे, नीट बांधलेले असे पूल चालतातही. फक्त कापाकापीआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला आराखडा दाखवा, आणि साडेसोळा टन पाण्याखालचा पायाही.