तपासणीच्या साखळीत माणूस गळतो कुठे?

अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, पण त्यापायी होणारे मृत्यू मात्र त्यांच्यात जवळपास ४० टक्क्यांनी जास्त आहेत. मिलिंदने हा आकडा कट्ट्यावर मांडला आणि निष्कर्षही लगेच देऊन टाकला.

"जनुकं, दुसरं काय? ट्रिपल निगेटिव्ह गाठी त्यांच्यात सुमारे दुपटीने आढळतात. हार्मोनच्या गोळ्या त्यावर चालत नाहीत, गाठ भराभर वाढते. मूळ पेशीतच फरक असेल तर शिबिरं भरवून काय साधणार?"

मिलिंद पॅथॉलॉजीतला, रोज काचपट्ट्या बघणारा. शर्वरी आकडेशास्त्रातली. तिने त्याला तिथेच अडवलं. "दुप्पट हे खरं आहे. पण ज्या गाठींवर हार्मोनच्या गोळ्या उत्तम चालतात, त्या प्रकारातही हे अंतर आहेच. तिथे औषध हाताशी असतं, तरी बायका जास्त मरतात. ते कोणत्या जनुकाने?"

"प्रोस्टेटचं काय मग? कृष्णवर्णीय पुरुषांचा मृत्युदर गोऱ्यांच्या दुप्पट आहे."

"प्रोस्टेटचे दोन तुकडे कर. रोग होण्याचं प्रमाण जास्त आहे, त्यात अनुवंशाचा वाटा असणार, मला मान्य. पण रोग झाल्यावर पुढे काय होतं? माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत पैशाची आणि विम्याची अडचण बरीच कमी असते. तिथल्या सुमारे ६० हजार रुग्णांचा अभ्यास २०२० साली आला. निदानानंतर दहा वर्षांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले कृष्णवर्णीय ४.४ टक्के, गोरे ५.१ टक्के. पेशी त्याच, माणसं तीच, फक्त दवाखान्याचं दार सगळ्यांना सारखं उघडं."

"म्हणजे रोग होण्यातलं अंतर वेगळं आणि रोगाने मरण्यातलं वेगळं."

"आणि उपायही वेगळे. संशोधनाचे प्रस्ताव लिहिताना दोन्ही एकाच मथळ्याखाली कोंबतात, तिथूनच घोटाळा सुरू होतो."

वंदनाताई इतका वेळ ऐकत होत्या. कर्करोग विभागात परिचारिका म्हणून उभी हयात गेलेल्या. "शर्वरी, पण तुमचे आकडे तरी नीट असतात का गं?"

"नेहमी नाही, ताई. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचंच बघा. ज्या बाईचं गर्भाशय मुखासकट काढलंय, तिला हा कॅन्सर होऊच शकत नाही. तरी मृत्युदर काढताना ती छेदात, म्हणजे ज्या संख्येने भागायचं त्या एकूण स्त्रियांच्या आकड्यात, मोजली जायची. फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठींमुळे, ही शस्त्रक्रिया कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये जास्त होते, म्हणजे त्यांचा छेद जास्त फुगलेला. २०१७ साली छेद दुरुस्त करून हिशेब मांडला, तेव्हा त्यांचा दर लाखामागे ५.७ वरून १०.१ वर गेला. गोऱ्या स्त्रियांचा ३.२ वरून ४.७ वर. अंतर अडीचवरून साडेपाचच्या घरात! रोग होता तिथेच होता, हिशेबात झाकला गेला होता."

"आणि तो दर वयाबरोबर वाढत जातो," वंदनाताई म्हणाल्या. "पासष्टीनंतर तपासणी थांबवायची असा नियम आहे, पण त्याला अट आहे. मागच्या दहा वर्षांत लागोपाठ तीन पॅप चाचण्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासण्या, निगेटिव्ह हव्यात, किंवा पॅप आणि एचपीव्ही या विषाणूची चाचणी एकत्र अशा दोन, आणि त्यातली शेवटची पाच वर्षांच्या आतली. ज्या बाईने चार दवाखाने बदलले, तिचे जुने रिपोर्ट कोणाकडे असतात? वय ६५ दिसलं की फाईल बंद. अट वाचायला कोणाला सवड नसते."

इरफान सामाजिक आरोग्याच्या कामातला. त्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. "तुम्ही कृष्णवर्णीय आणि गोरे एवढंच बोलताय. 'एशियन' नावाचा जो एक रकाना आहे, त्यात व्हिएतनामी, कोरियन, भारतीय सगळे एकत्र. सरासरी काढली की चित्र छान दिसतं. सुटे केले की व्हिएतनामी लोकांमध्ये हेपटायटिस बी-मुळे होणारा यकृताचा कॅन्सर दिसतो, कोरियन लोकांमध्ये जठराचा. उपाय अगदी निरनिराळे. हेपटायटिस बी-साठी प्रौढ माणसाच्या एकाच वेळच्या रक्तात तीन गोष्टी बघायच्या: सरफेस अँटिजेन, म्हणजे संसर्ग आत्ता आहे का; सरफेस अँटिबॉडी, म्हणजे संरक्षण आहे का; आणि कोअर अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग कधी झाला होता का. यातली एकच बघून लस टोचली, तर ज्याला संसर्ग आधीच आहे त्याला वाटतं आपण सुरक्षित झालो. त्याला लसीचा काही उपयोग नसतो. धोका जास्त असेल तर दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी लागते, आणि नेमकी तीच होत नाही."

"जागृती कमी पडते, दुसरं काय," मिलिंद म्हणाला. "शिवाय विश्वास नाही. टस्कीगीतल्या सरकारी अभ्यासात १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांना उपचाराविना ठेवून नुसतं बघत बसले. कोण येईल संशोधनात?"

"अविश्वासाला कारण आहे, पण त्याच्या आड फार लपतात." इरफानचा आवाज चढला. "२००६ साली बऱ्याच अभ्यासांमधली संमतीची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. प्रत्यक्ष विचारल्यावर होकार देण्याचं प्रमाण अल्पसंख्याकांमध्ये साधारण इतरांइतकंच निघालं. त्यांना विचारलंच कमी जातं! आणि विचारलं तरी दाराशीच अडवतात. किमोच्या संशोधन-चाचण्यांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी १५०० च्या वर हव्यात अशी अट सर्रास असते. मिलिंद, डफी-नल हा रक्तगट तुला माहीतच आहे."

"माहीत आहे. आफ्रिकन वंशाच्या अमेरिकनांमध्ये सुमारे दोन तृतीयांश लोक तसे असतात. रक्तातला न्यूट्रोफिलचा आकडा मुळातच कमी, पण अस्थिमज्जा ठणठणीत. त्यांना जंतुसंसर्ग जास्त होतो असंही नाही." मिलिंद जरा थांबला. "ही अट शिथिल करायलाच हवी. यात माझा काही वाद नाही."

इथून चर्चा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर आली आणि तिथेच सगळ्यात जास्त रेंगाळली. साहजिकच आहे, या रोगात प्रतिबंध खऱ्या अर्थाने होतो, कारण कोलोनोस्कोपीत, म्हणजे आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत, पॉलिप हा छोटा कोंब काढला की कॅन्सर होण्याआधीच विषय संपतो.

"डेलावेअर राज्याचं उदाहरण घ्या," इरफान म्हणाला. "२००१ मध्ये तिथे कृष्णवर्णीयांपैकी ४८ टक्क्यांची आतड्याची तपासणी झालेली होती. २००९ मध्ये ७४ टक्के, म्हणजे गोऱ्यांइतकीच. ज्यांचा रोग निदानाच्या वेळी आतड्याबाहेर पसरलेला होता, त्यांचं प्रमाण ७९ वरून ४० टक्क्यांवर आलं. मृत्युदर ४२ टक्क्यांनी उतरला आणि गोऱ्यांच्या जवळ पोचला. आठ वर्षांत जनुकं बदलली नाहीत, मिलिंद."

"केलं काय नेमकं? फलक लावले?"

"विमा नसलेल्यांची कोलोनोस्कोपी राज्याच्या खर्चाने. नर्स नॅव्हिगेटर नेमल्या. आणि माझ्या मते कळीची गोष्ट ही की कॅन्सर निघाला तर दोन वर्षांपर्यंतचा उपचारही राज्याच्या खर्चाने. तपासून वाऱ्यावर सोडणार असतील तर माणूस तपासायला येईल कशाला? रोग लवकर सापडल्याने वाचलेला उपचाराचा खर्च वर्षाला अंदाजे ८५ लाख डॉलर निघाला."

नॅव्हिगेटर म्हटल्यावर वंदनाताईंनी सूत्रं हातात घेतली. ही कल्पना न्यूयॉर्कच्या हार्लेममधले सर्जन हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये राबवली. त्यांच्या रुग्णालयात १९६४ ते १९८६ दरम्यान आलेल्या स्तनांच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी पाच वर्षांनी ३९ टक्के हयात होत्या. मोफत किंवा स्वस्त तपासणी आणि नॅव्हिगेटर यांची जोड मिळाल्यावर, १९९५ ते २००० मधल्या रुग्णांत हेच प्रमाण ७० टक्क्यांवर गेलं.

"नॅव्हिगेटर म्हणजे माहितीपत्रक वाटणारी बाई नव्हे," ताई म्हणाल्या. "तिच्याकडे यादी असते. कोणाचा रिपोर्ट संशयास्पद आला, बायोप्सीची तारीख मिळाली का, मिळाली तर ती बाई आली का, नाही आली तर का नाही. गाडी नाही, मूल कोणापाशी ठेवायचं, पगार कापला जातो, विम्याचा कागद अडलाय. प्रत्येक अडचणीला वेगळा फोन. चुकलेली भेट संगणकाने त्याच दिवशी दाखवली पाहिजे. नॉर्थ कॅरोलायना आणि पेनसिल्व्हेनियात असा प्रयोग झाला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा उपचार आधी कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ८० टक्के आणि गोऱ्यांपैकी ८७ टक्के पूर्ण करायचे. नंतर दोन्ही गट नव्वदीच्या आसपास आले. गोऱ्यांचंही नुकसान झालं नाही, थोडा फायदाच झाला."

"मग कोलोनोस्कोपीसाठी एवढा आटापिटा कशाला? शौचातलं रक्त शोधणारं फिट किट टपालाने पाठवा. स्वस्त, घरच्या घरी," मिलिंद म्हणाला.

"पाठवा की. पण कुठे गळती होते ते ऐक." इरफान बोटं मोजायला लागला. "नमुना घेतल्याची तारीख लिहायची राहिली की प्रयोगशाळा नमुना नाकारते. उन्हाळ्यात तो टपालपेटीत तापला की हिमोग्लोबिनचं विघटन होतं आणि पॉझिटिव्हचा निगेटिव्ह होतो, म्हणून कडक उन्हाच्या महिन्यांत किट पाठवूच नयेत. किट दरवर्षी करावं लागतं, एकदा करून भागत नाही. आणि पॉझिटिव्ह आलं की कोलोनोस्कोपी करावीच लागते. त्यासाठी आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध, एक दिवसाची रजा, घरी सोडायला सोबतीचा माणूस. त्याला दहा महिन्यांपेक्षा जास्त उशीर झाला तर कॅन्सर निघण्याची आणि तो पुढच्या टप्प्यावर असण्याची शक्यता वाढते. पूर्वी ही दुसरी पायरी 'निदान' म्हणून धरायचे आणि बिल रुग्णाच्या माथी. खासगी विम्यात मे २०२२ च्या अखेरीपासून सुरू होणाऱ्या योजनांमध्ये ती मोफत करावी लागली. तोवर पहिली पायरी फुकट, दुसरीला शेकडो डॉलर!"

"आणि चाचणी कोणती, तेही माणसं बघून ठरवावं लागतं," शर्वरीने जोडलं. "अलास्काच्या मूळ रहिवाशांमध्ये या कॅन्सरचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीच्या आसपास आहे. तिथे शौचातल्या रक्ताचीच जुनी ग्वायाक चाचणी फसायची, कारण जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूचा संसर्ग खूप, त्यामुळे जठरातून थोडं थोडं रक्त जात असायचं आणि चाचणी उगाच पॉझिटिव्ह यायची. फिट मानवी ग्लोबिन ओळखते. जठरातून आलेलं ग्लोबिन वाटेतच पचून जातं, म्हणून ती आतड्याच्या खालच्या भागातलंच रक्त पकडते. चाचणी बदलली आणि अडचण सुटली. लोकांना आणखी 'जागृत' करून ती सुटली नसती."

फुप्फुसाच्या कॅन्सरवर मात्र एकमत झालं नाही. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने मृत्यू २० टक्क्यांनी घटतात हे दाखवणाऱ्या मोठ्या अमेरिकन चाचणीत ५३ हजारांहून जास्त लोक होते, त्यात कृष्णवर्णीय ५ टक्क्यांपेक्षा कमी. त्यावर बेतलेला, ही तपासणी कोणाची करायची याचा २०१३ चा निकष होता वय ५५ ते ८० आणि ३० पॅक-इयर, म्हणजे रोज एक पाकीट याप्रमाणे तीस वर्षं. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या एका मोठ्या अभ्यासात फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या धूम्रपानकर्त्यांपैकी या निकषात गोरे ५६ टक्के बसले, कृष्णवर्णीय अवघे ३२. ते रोज कमी सिगरेटी ओढतात, पण कमी पॅक-इयरवर आणि कमी वयात रोग होतो. २०२१ मध्ये निकष वय ५० आणि २० पॅक-इयर असा सैल झाला. अंतर कमी झालं, मिटलं नाही.

"पाकिटांचा गुणाकार सोडा, फक्त वर्षं मोजा," शर्वरी म्हणाली. "वीस वर्षं ओढली की सीटी. यात अंतर जवळपास मिटतं. दवाखान्याच्या नोंदीत रोजच्या सिगरेटींचा आकडा तसाही धड नसतो."

"आणि खोटे अलार्म?" मिलिंद मागे हटेना. "त्या चाचणीत २४ टक्के स्कॅन पॉझिटिव्ह होते, त्यातल्या ९६ टक्क्यांत कॅन्सर नव्हताच. हलकं धूम्रपान करणारे आत घेतलेस की हे आणखी वाढणार. प्रत्येक गाठीमागे पुन्हा स्कॅन, काहींना बायोप्सीची सुई. ज्या माणसाला पहिल्या सीटीसाठी रजा मिळत नाही, त्याला चार स्कॅनला धाडणार? त्यापेक्षा जोखमीचं गणिती मॉडेल वापर. वय, शिक्षण, वजन, घरातला इतिहास, सगळं धर त्यात."

"त्या मॉडेलमध्ये वंशही घालावा लागतो. आणि अर्धे रकाने रिकामे असलेल्या नोंदींवर ते चालवणार कसं?"

"रकाने भरून घे."

"ते भरणार कोण?"

वंदनाताई उठता उठता म्हणाल्या, "निकष तुम्ही काहीही ठरवा. ही सीटी दरवर्षी करायची असते. संशोधनात दुसऱ्या वर्षी बहुतेक सगळे परत आले, बाहेरच्या दवाखान्यांत ते प्रमाण कितीतरी कमी आहे. त्या दुसऱ्या वर्षीच्या फोनसाठी एका माणसाचा पगार तुमच्या प्रस्तावात धरलाय का, तेवढं मला सांगा."